गंमत होती, पण फोटो कुणाचा होता?

प्रिय काकी,

मी २६ वर्षांचा, देवगड तालुक्यातला. मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही शाळेतल्या मित्रांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, ॲडमिन मी. काही जण मुंबई-पुण्यात, काही गावात. रात्री बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, खेळतो आणि दिवसभर ग्रुपवर टाइमपास: कुणाचा फोन भारी, कोण कुठल्या पक्षातून फुटला, मॅचमध्ये आधी कोण मेला. आमच्यात एक 'लॅग्या' आहे, ज्याचा गेम सारखा अडकतो. जुना फोन आणि वाडीत रेंज नाही, त्याच्यावर तर रोजच हसतो. सगळं मजेत चाललं होतं.

गेल्या महिन्यात राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या नियोजित तेल रिफायनरीचा विषय निघाला. आंदोलनात सड्यावर (कातळाच्या माळावर) बसलेल्या बायकांचा कुठूनतरी आलेला एक फोटो माझ्याकडे होता. त्यावर मी लिहिलं, 'पेट्रोल नको म्हणणाऱ्यांनी मुंबईला वल्हवत जावं' आणि टाकला. सगळे हसले. आमचा राजापूरचा मित्र काहीच न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. दोन दिवसांनी कळलं, फोटोत सगळ्यात पुढे बसलेली बाई त्याची आत्या. मी लगेच मेसेज केला, 'सॉरी भावा, गंमत होती, मनावर घेऊ नको.' टिका निळ्या झाल्या, पण उत्तर नाही. फोनही उचलत नाही.

त्यात माझ्या मुंबईच्या मावसभावाने मीमचा स्क्रीनशॉट दुसरीकडे टाकला आणि तो फिरत फिरत तालुक्यात पोचला. एका पक्षाचे काका घरी येऊन बाबांना वाट्टेल ते बोलून गेले, पोलिसात तक्रार देऊ म्हणाले. दुसऱ्या पक्षाच्या एकाने मला मेसेज केला, 'जबरदस्त! अशीच अजून बनव, आपण बघू तुझं.' आई म्हणते, हे सगळं गेमपायी झालं, गेमच बंद कर. ग्रुपवर राजकारण बंद करू का? मित्र परत कसा येईल? आणि ॲडमिन म्हणून माझ्यावर केस होईल का?

नाव छापू नका.

*

नाव छापत नाही. देवगड तेवढं ठेवलंय. तिथे मोबाईल दुरुस्तीवाले बरेच आहेत, त्यामुळे तू लपून जाशील.

तुझा मीम विनोद म्हणून काही वाईट नाही, खोटं कशाला बोलू. रिफायनरी नको म्हणता आणि बाईक मात्र फिरवता, हा टोमणा राजापूर तालुक्यातल्या टपऱ्यांवर कधीपासून मारला जातो. त्याची उत्तरंही तिथे तयार असतात. वीज सगळे वापरतात, म्हणून जैतापूर प्रकल्पातली माडबनची नियोजित अणुभट्टी कुणी आपल्या परसात मागून घेतली का, असं तुझ्या मित्राने तुला सुनावलं असतं, तू आणखी काही बोलला असतास आणि रात्री दोघे गेममध्ये एकाच स्क्वॉडमध्ये, चौघांच्या टोळीत, उतरला असता. रिफायनरीवरून त्या भागात भावाभावांत मतभेद आहेत आणि ते एका पंगतीला जेवतात. मला स्वतःला प्रकल्प हवा की नको ते इथे सांगत नाही. माझ्या मताने तुझा मित्र परत यायचा नाही.

तो गेला फोटोमुळे. २०२३च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं तेव्हा आजूबाजूच्या गावांतल्या बायका तिथे जाऊन बसल्या. एप्रिलचा कातळ तुला मी काय सांगू, अनवाणी पाय टेकवत नाही. त्याआधी नाणारला याच रिफायनरीवरून हेच सगळं होऊन गेलं होतं. तो प्रकल्प २०१९च्या निवडणुकीआधी गुंडाळला गेला आणि काही वर्षांत शेजारच्या बारसू-सोलगावात नव्याने आला. म्हणजे त्या बायका एका सकाळी उठून, कॅमेरा दिसला म्हणून बसलेल्या नव्हत्या. पोलिसांनी त्यांच्यातल्या कितीतरी जणींना गाडीत घालून नेलं. एखाद्या घरात आत्याला पोलिसांनी गाडीत घातलेलं असतं, त्या घरातल्या मुलाने तो दिवस कसा काढला असेल याची कल्पना तुला नव्हती. बरोबर आहे, नसणारच. पण फोटो तुझ्या हातात होता, आणि त्यातल्या बाया कोण आहेत हा प्रश्न तुला पडला नाही. तू जिला नुसतं 'आंदोलनातली बाई' म्हणून पाहिलंस तिने तुझ्या मित्राला लहानपणी न्हाऊमाखू घातलं असेल.

'कुठूनतरी आलेला' असं तू लिहिलंयस. फोनवर असं कुठूनतरी काही येत नाही, कुणीतरी पाठवतं. दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी पाटी असेल तर तो फोटो किती हातांतून आलाय ते व्हॉट्सॲपच तुला सांगत असतं. असा मेसेज २०२०पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो, तो यासाठीच. पुढच्या वेळी ओळखीचा मुलूख दिसला की गूगल लेन्सवर टाकून आधी कुठे छापून आलाय ते बघ. एवढं तर तुझं दुकानच आहे. हल्ली एआयने बनवलेले फोटो येतात, ते वेगळंच प्रकरण. पण माझ्या मते आपल्या भागात जास्त घात खऱ्या फोटोंनीच होतो, कारण त्यात खऱ्या बायका असतात आणि त्यांचे खरे भाचे.

आता तुझ्या माफीकडे येते. 'सॉरी भावा' इथपर्यंत ठीक. 'गंमत होती' म्हणून तू ती माफी अर्धी परत घेतलीस आणि 'मनावर घेऊ नको' म्हणून उरलेलीही घेतलीस. म्हणजे शेवटी दोष कुणाचा ठरला? त्याच्या मनाचा. निळ्या टिका करून गप्प बसला हे त्याने फार सभ्यपणे केलं. आमच्या वेंगुर्ल्याकडचा कुणी असता तर तुला अस्सल मालवणीत उत्तर आलं असतं आणि मला हे पत्र आलंच नसतं.

तेव्हा एक दिवस शटर लवकर ओढ आणि जा. नांदगाव तिठ्यावर हायवेला लागलास की तळेरे, खारेपाटण, पुढे राजापूर. रस्ता मी तुला सांगायला नको, पण तू गेला नाहीस म्हणून सांगते. आधी फोन करून परवानगी मागत बसू नकोस, तो उचलत नाहीये. 'उद्या संध्याकाळी येतोय, घरात नाही आलो तरी चालेल, नाक्यावर भेट' एवढा मेसेज टाक आणि निघ. हापूसची पेटी बिलकूल नेऊ नकोस. एक तर ती लाच दिसते. शिवाय राजापुरात देवगडचा हापूस घेऊन जाणं म्हणजे दुसऱ्या भांडणाला आमंत्रण.

भेटल्यावर तीनच गोष्टी बोल. फोटोत कोण आहे ते बघायला हवं होतं आणि मी पाहिलं नाही. माझ्या मावसभावामुळे तो बाहेर गेला, तो ग्रुपमध्ये माझ्यामुळे होता. आणि आता मी काय काय करतोय. ते आधी करून मग जा, म्हणजे बोलायला काही असेल. सगळ्यांच्या फोनवरून मेसेज पुसायची व्हॉट्सॲपची मुदत साधारण अडीच दिवसांची असते, ती तुझी कधीच टळून गेली. म्हणून ग्रुपमधल्या प्रत्येकाला सांग की फोटो आपापल्या फोनमधून काढा. मावसभावाला सांग की जिथे टाकलास तिथे जाऊन लिही, यातल्या बाईंची आम्ही माफी मागतो, पुढे पाठवू नका. सगळीकडून जाणार नाही. ते तुझ्या हातात नाही, तसं मित्राला खरं सांग.

तो विचारेल, आत्याला भेटायचंय का? हे त्याच्यावर सोड. तिला मीमबद्दल काही ठाऊकच नसेल, तर तुझ्या मनावरचं ओझं हलकं व्हावं म्हणून तिला ते दाखवायला जाऊ नकोस. ठाऊक असेल आणि तिने बोलावलं, तर जा आणि ती बोलेल ते ऐक. तिथे पेट्रोलवर चर्चा करायची नाही. ती बरोबर आहे का चूक, हा त्या दिवसाचा विषय नाही.

आता तुला पडलेलं कोडं. रात्री गेममध्ये एकमेकांना काय वाट्टेल ते बोलता, 'मेल्या, रिव्हाइव्ह कर मगे, आंबे काय मोजतंस!' आणि कुणाला काही वाटत नाही. मग ग्रुपवर एका ओळीने एवढं का व्हावं? कारण मॅचमध्ये आवाज असतो. आवाजात हसू असतं, दमलेपण असतं, राग खरा आहे का खोटा ते कळतं. अर्ध्या तासात मॅच संपते, शंभरांतले जवळजवळ सगळे मरतात आणि शिव्याही तिथेच राहतात. लिहिलेलं मात्र तसंच पडून राहतं, आणि वाचणारा ते स्वतःच्या मनातल्या आवाजात वाचतो. यावर २००५ साली अमेरिकेत जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले होते. तीच वाक्यं काहींनी ईमेलने पाठवली, काहींनी बोलून दाखवली, काही उपरोधाची, काही सरळ. पाठवणाऱ्यांची दोन्हीकडे खात्री सारखीच, की समोरच्याला कळणारच. प्रत्यक्षात ऐकणाऱ्यांना बऱ्यापैकी कळलं, वाचणाऱ्यांचा अंदाज मात्र छापा-काटा केल्याच्या फारसा वर गेला नाही.

आणि हे दुखणं तुमच्या पिढीने आणलेलं नाही. ते ऑनलाइन गप्पांच्या जन्मापासूनचं आहे. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावर गप्पा मारणाऱ्यांपैकी कुणीतरी थट्टेत लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींनी ते खरं धरलं. मग १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने सुचवलं की विनोद असेल तिथे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस असा आडवा हसरा चेहरा काढत जा. आज तुम्ही जे पिवळे हसरे चेहरे टाकता त्यांचा पणजोबा तो. तूही मीमखाली तीन-चार टाकले असशील. पण भाच्याला त्यांचा उपयोग नव्हता. विनोद आहे हे त्याला कळलंच होतं.

माझ्या मते मुख्य गोष्ट तू पत्रात लिहिलीच नाहीस. ग्रुपमध्ये आता किती जण आहेत? सुरू केलात तेव्हा शाळेतले मित्र होते. मावसभाऊ तुमच्या शाळेतला नाही. तो आला, म्हणजे आणखीही आले असणार: स्क्वॉडला चौथा कमी पडला म्हणून कुणाचा रूममेट, कुणाचा ऑफिसातला, कुणाचा मेहुणा. प्रत्येक जण चांगलाच असेल. पण तू लिहीत होतास ते शाळेच्या मित्रांसाठी आणि वाचत होता सगळा बाजार.

दशावतार तू लहानपणापासून बघत आला असशील. जत्रेत मध्यरात्री काळ्या कपड्यातला संकासुर येतो आणि त्याच्या तावडीतून कुणी सुटत नाही. भटजींची फिरकी घेतो, पुढे बसलेल्या मानकऱ्यांची घेतो, पंचायतीतल्या भानगडी काढतो. ज्याची टोपी उडते तोही हसतो. का? मांडवात बसलेला प्रत्येक जण संकासुर कोण, आतला नट कोण आणि टोपी कुणाची, हे तिन्ही ओळखून असतो. शिवाय पहाटे दहीकाला झाला की ते संपतं. आता त्याचं तेवढंच वीस सेकंदांचं बोलणं कापून अशा ठिकाणी टाक जिथे मांडव नाही, पेटी-मृदुंग नाही, पहाट नाही. तिथे तो नुसता एक उद्धट माणूस उरतो. तुझ्या मावसभावाने तुझं तेच केलं. वाईट हेतूने केलं असं मला वाटत नाही, त्याला बिचाऱ्याला मीम आवडला. त्याला ओरडू नकोस, पण शाळेच्या ग्रुपमध्ये त्याचं काम नाही. व्हॉट्सॲप एका ग्रुपात १०२४ जण घेऊ देतं, म्हणून भरायलाच हवेत असं नाही. मॅचची वेळ ठरवायला मोठा ग्रुप ठेव, आणि गजाली मारायला जुनाच, शाळेतल्यांचा, पुन्हा लहान कर. कुणाला वाईट वाटलं तर सांग काकीने सांगितलं.

राजकारण बंद करू का, विचारतोस. करून बघ. आठ दिवस टिकलं तर मला कळव. अरे, तुमचा गेमच राजकारणात जन्मलाय. जून २०२०मध्ये गलवानला चकमक झाली आणि २ सप्टेंबरला पबजीसकट ११८ ॲप बंद झाली, तेव्हा तुमचा ग्रुप काय भगवद्गीतेवर बोलत होता? जुलै २०२१मध्ये बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ला स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३मध्ये परतला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा केला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता. यावर बोलायचं म्हणजे तंत्रज्ञान, राजकारण का गेमिंग? आणि २०२१च्या मेमध्ये तौक्ते वादळात सिंधुदुर्गात दिवसचे दिवस वीज नव्हती, टॉवर मुके होते. तेव्हा विजेचे खांब कधी उभे राहणार हा प्रश्न कुणाला विचारायचा, हेही राजकारणच. माइक गॉडविन नावाच्या अमेरिकन माणसाने १९९० साली थट्टेने एक नियम मांडला होता, की ऑनलाइन वाद जितका लांबेल तितकी त्यात हिटलर येण्याची शक्यता वाढत जाते. कोकणात हिटलरची गरज नाही. आपल्याकडे फोनच्या कॅमेऱ्यावरून सुरू झालेला वादही दहाव्या मेसेजला मुंबई-गोवा हायवेवर येतो. २०११पासून चौपदरी होतोय, तोवर विषयांना तोटा नाही.

तेव्हा बंदी नको. पुढाऱ्यांची, पक्षांची, खड्ड्यांची, फोन कंपन्यांची करा हवी तेवढी टिंगल. ती त्यांना सोसते आणि त्यांच्याकडे उत्तर द्यायला माणसं ठेवलेली असतात. आपल्यातल्या कुणाची जमीन, घर आणि घरची माणसं मात्र त्यात ओढायची नाहीत. देवगडचा हापूस का रत्नागिरीचा, यावर तुम्ही जन्मभर भांडा. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाचही जिल्ह्यांना मिळून, म्हणजे सरकारनेही निकाल दिलेला नाही. त्या भांडणात मजा अशी की दोघांच्या हातात आंबा असतो. राजापूरच्या मित्राच्या हातात त्या दिवशी काही नव्हतं, नुसती आत्या होती.

घरी आलेल्या काकांचं मला फार काही वाटत नाही. त्यांना वडिलांनी नव्हे, तू स्वतः जाऊन सांग: फोटो काढलाय, ज्यांचा होता त्यांच्या घरी जाऊन आलोय. वाद घालू नकोस. ते आणखी दोन वाक्यं बोलतील, चहा सांगतील. मला भीती आहे ती दुसऱ्याची, 'अशीच अजून बनव, आपण बघू तुझं'वाल्याची. तो तुला शाबासकी देत नाहीये, कामाला लावतोय. आज मीम मागेल, उद्या विषय तोच देईल, परवा फोटोही तोच पाठवेल, आणि त्या फोटोत कुणाची तरी आत्या असेल. निवडणूक संपली की तो मुंबईला जाईल आणि तू याच नाक्यावर दुकान उघडून बसशील. गिऱ्हाईक दोन्हीकडचं असतं, हे तुला धंद्यातून कळलंच असेल. त्याला 'दादा, तो फोटो चुकून गेला, मी आता ते करत नाही' एवढं लिही आणि तो मेसेज जपून ठेव.

केसचं. मी वकील नाही, पण जे जाहीर आहे ते सांगते. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीने लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. एका लाइकपायी, विचार कर. त्यावरून देशभर गदारोळ झाला, श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ला न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. म्हणजे नुसतं कुणाला झोंबलं म्हणून त्या कलमाखाली आता गुन्हा होत नाही. ॲडमिनचंही तसंच: २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की सदस्याने काहीतरी टाकलं म्हणून, संगनमत नसेल तर, नुसता ॲडमिन आहे एवढ्यावर त्याला जबाबदार धरता येत नाही.

खूश होऊ नकोस. हा दिलासा दुसऱ्याने टाकलेल्या गोष्टीसाठी आहे, आणि मीम तुझा होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम आहे, ३५६. पण त्याची तक्रार साधारणपणे ज्याची बदनामी झाली त्याने कोर्टात करायची असते. म्हणजे घरी येऊन दम देणाऱ्या काकांना ती करता यायची नाही, आत्याला येईल. पेट्रोलच्या टोमण्यावर कोर्टात काय टिकेल ते वकील सांगेल, पण राजापूरला जायचं कशासाठी हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल, आणि ते कोर्टासाठी नाही.

पत्रातल्या एका वाक्यावर मात्र माझी नजर अडकून राहिली. लॅग्या. त्याच्याबद्दल तू काहीच विचारलेलं नाहीस, 'रोजच हसतो' एवढं लिहून पुढे गेलास. तो ग्रुपवर शेवटचं स्वतःहून कधी काही बोलला, ते वर स्क्रोल करून बघ. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर माणसाचं बोट हलायलाच साधारण पाव सेकंद लागतो. त्यात पिंग, म्हणजे फोनचा निरोप सर्व्हरला जाऊन परत यायचा वेळ, दोनशे मिलिसेकंद असेल तर याला दिसतो तो शत्रू तिथून कधीच हललेला असतो, आणि याची गोळी मोकळ्या जागेला लागते. यात त्याच्या हाताचा दोष काय? डोंगराच्या कुशीतली वाडी, एकच टॉवर, गणपतीला आणि मे महिन्यात चाकरमानी आले की त्या टॉवरवर दुप्पट-तिप्पट फोन. मुंबईतला तुमचा मित्र घरच्या वायफायवर बसून याला नूब (कच्चा खेळाडू) म्हणतो, यात शौर्य ते कसलं? मघाशी आंब्याबद्दल बोलले ते इथेही बघ. तुम्ही त्याच्या फोनवर हसता, पण तुमच्या फोनवर हसता येईल असा फोन त्याच्याकडे नाही. पैशावरून होणारी थट्टा माणूस सहन करतो, उलट बोलत नाही, आणि बाकीचे समजतात की त्याला चालतं.

आणि तू तर मोबाईल दुरुस्तीवाला! त्याचा फोन कधी उघडून बघितलास? बॅटरी फुगलीय का, स्टोरेज गच्च आहे का, चार्जिंगला लावून खेळतो म्हणून तापून आपोआप मंद होतोय का, हे तुला दहा मिनिटांत कळेल. त्याला म्हणावं, शनिवारी दुकानात ये. पैसे घे त्याच्याकडून, सुट्या भागांचे तरी घे, फुकट केलंस तर तो येणार नाही. मॅचची वेळही त्याला विचारून ठरवा, त्याच्या टॉवरला कधी मोकळीक असते ते त्यालाच ठाऊक.

राहिली आई. गेमपायी झालं हे तिचं म्हणणं मला पटत नाही. मुंबईचे आणि गावचे तुम्ही रोज रात्री एकमेकांचा आवाज ऐकता तो त्या गेममुळेच, नाहीतर गणपतीत भेटला असता आणि पुढल्या गणपतीपर्यंत गुल. ग्रुपवर कुणी रमीच्या, पैसे लावायच्या लिंका टाकत असेल तर त्याला आधी बाहेर काढ, त्याबद्दल मात्र आईचं ऐक. आणि ती बंद कर म्हणते ते नक्की कशाला, हे तिला बसून विचार. माझा अंदाज सांगू? तू रात्री एकपर्यंत खेळतोस आणि सकाळी गिऱ्हाईक आलं की तुला उठवायला ती येते. साडेअकराला फोन ठेव, शटर तू स्वतः उघड, महिनाभर. मग बघ ती गेमचं नाव तरी काढते का.